पोट कोणाचं?

भोर तालुक्यातल्या भोंगवलीत काय किंवा वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीत काय, शेताचा सातबारा हातात घेतला की क्षेत्राच्या रकान्यात एक शब्द हटकून भेटतो : पोटखराबा. खडक, ओढा, वाट अशा कारणांनी लागवडीला न येणारी जमीन म्हणजे पोटखराबा. त्यात पुन्हा वर्ग (अ) आणि वर्ग (ब). भावाभावांत वाटणी झाली की पोटहिस्सा पडतो. आमदाराची जागा मध्येच रिकामी झाली की पोटनिवडणूक लागते. कायद्यात पोटकलम असतं, संस्थेच्या घटनेत पोटनियम, भाडेकरूच्या आत पोटभाडेकरू, छपराखाली पोटमाळा, जातीच्या आत पोटजात. संसार मोडून प्रकरण कोर्टात गेलं की पोटगी ठरते. या पोटगीत तर मराठी ‘पोट’ आणि फारसी वळणाचा ‘गी’ असे दोघे एकत्र नांदतात.

हिंदी अशा ठिकाणी बहुतेकदा संस्कृत ‘उप’ वापरते : उपचुनाव, उपजाति, उपनियम. मराठीनं मात्र कचेरीतही घरचा शब्द चालवला. मोठ्या वस्तूच्या आत सामावलेली लहान वस्तू म्हणजे पोटातली, एवढा सरळ हिशेब. इतका मुरलेला शब्द पाहिल्यावर कोणालाही वाटेल, की हा मूळचाच असणार, संस्कृतातून पिढ्यान्‌पिढ्या झिजत आलेला.

पण संस्कृतात पोटाला उदर, जठर, कुक्षि म्हणतात. यातल्या कशातूनही ध्वनिबदलाच्या कुठल्या नियमानं ‘पोट’ निघत नाही. ‘उदर’ हजार वर्षं झिजवला तरी त्याला ‘प’ कुठून फुटणार? मग हे पोट आलं कुठून, आणि ते येण्याआधी तिथे जे होतं त्याचं काय झालं?

दात उसना मिळतो

भाषांच्या अभ्यासात एक समज फार काळ पक्का होता. माणसं वस्तूंची नावं उसनी घेतात, अवयवांची घेत नाहीत. चहा परदेशातून आला तेव्हा ‘चहा’ हा शब्दही बरोबर आला. नाक मात्र प्रत्येकाकडे आधीपासूनच होतं, त्याला परका शब्द कशाला? अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वाडेश यांनी १९५० च्या दशकात भाषांची नाती मोजण्यासाठी मूलभूत शब्दांची यादी तयार केली. तिच्यात डोकं, डोळा, कान, नाक, तोंड, दात, जीभ, मान, पोट, हात, गुडघा, पाय ही सगळी मंडळी आहेत. कारण तेच : हे शब्द चिवट असतात, सहसा हलत नाहीत.

‘सहसा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या फिनिक भाषा, म्हणजे फिनिश, एस्टोनियन, कारेलियन आणि त्यांच्या बहिणी, याचं नामी उदाहरण आहेत. या भाषांचं संस्कृत, इंग्रजी, रशियन यांच्याशी कुळाचं नातं नाही. त्यांचं कूळ उरालिक. हंगेरियन ही त्यांची दूरची नातलग. फिनिशमध्ये डोळ्याला ‘सिल्मा’, हाताला ‘कासी’, डोक्याला ‘पा’; हंगेरियनमध्ये तेच ‘सेम’, ‘केझ’, ‘फेय’. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट होऊनही नातं ओळखू येतं. स्वाडेश यांचं म्हणणं इथवर खरं ठरतं.

दात पाहायला गेलं की गणित बिघडतं. हंगेरियनमध्ये दाताला ‘फोग’ म्हणतात आणि तो जुना उरालिक शब्द आहे. फिनिशमध्ये मात्र दात म्हणजे ‘हम्मस’, आणि हा शब्द शेजारच्या बाल्टिक लोकांकडून आलेला. लाटव्हियनमध्ये दाताला आजही ‘झोब्स’ म्हणतात. लिथुआनियन ‘झांबस’ म्हणजे धारदार कड. त्याच घराण्यातला संस्कृत शब्द आहे ‘जम्भ’, म्हणजे दाढ, दात, जबडा. म्हणजे फिनलंडच्या माणसाच्या तोंडातला दात वेदातल्या जम्भाचा लांबचा भाऊबंद निघतो. मानेचीही गत तीच. फिनिश ‘काउला’ आला बाल्टिक ‘काक्लस’ वरून, आणि हा ‘काक्लस’ बहुतेक अभ्यासक फिरण्याच्या अर्थाच्या त्या जुन्या धातूशी जोडतात, ज्यातून आपलं ‘चक्र’ आलं. मान फिरते, चाकही फिरतं.

दात आणि मान नसलेली माणसं तर फिनलंडच्या आखातावर राहत नव्हती. त्यांच्याकडे दाताला शब्द होता, आणि तो मेलाही नाही. फिनिशमध्ये ‘पी’ म्हणजे दाताळ्याचा दाता, काट्याचं टोक. हंगेरियन ‘फोग’ आणि फिनिश ‘पी’ एकाच मुळाचे. नवा शब्द तोंडात शिरला आणि जुना शब्द तिथून निघून शेतातल्या अवजारावर जाऊन बसला. अवयवांच्या नावांचा इतिहास वाचायचा असेल तर ही खूण लक्षात ठेवावी लागते : आलेल्या शब्दाचा माग काढायचा, आणि त्यानं ज्याला उठवलं तो कुठे जाऊन बसला तेही पाहायचं.

मराठी देहाची झडती

मराठी देहावर हीच तपासणी केली, तर पहिला गट सरळ वारशाचा निघतो. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. दन्त, दन्त, दात. ओष्ठ, ओट्ठ, ओठ. जिह्वा, जिब्भा, जीभ. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लोक यांनी १९२० साली मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. मराठीच्या ध्वनिबदलांची शिस्त त्यात पद्धतशीर मांडलेली आहे. संस्कृत जोडाक्षराचं प्राकृतात एकाच व्यंजनाचं द्वित्त होतं, मराठीत ते सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो. ‘हस्त’चा ‘हात’ होणं म्हणजे या नियमाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण.

दुसरा गट घराण्यातलाच, पण बढती मिळालेला. संस्कृतात माणसाला ‘मुख’ असतं आणि ‘तुण्ड’ म्हणजे पक्ष्याची चोच, जनावराचं मुस्कट. हिंदीनं ‘मुख’ जपून ‘मुँह’ केला. मराठीनं तुण्ड उचललं आणि तोंड म्हटलं. कोणे एके काळी ही शिवी असावी किंवा थट्टा. आज ‘तोंड धुऊन ये’ म्हणताना कोणाला चोच आठवत नाही. फ्रेंचांनी हेच डोक्याच्या बाबतीत केलं. लॅटिनमध्ये डोकं ‘कापुट’, आणि ‘टेस्टा’ म्हणजे मातीचं भांडं. सैनिक, हमाल, बाजारकरी गमतीनं डोक्याला मडकं म्हणत राहिले आणि त्यातून फ्रेंचचा आजचा सभ्य शब्द ‘तेत’ तयार झाला. भोर-वेल्ह्यात आजही डोक्याला डोस्कं नाहीतर टकुरं, तोंडाला थोबाड, पायाला तंगडी असे शब्द रागालोभाप्रमाणे तयार असतात. अवयवाला दोन-तीन नावं एकाच वेळी चालू असणं हे गावच्या बोलीत रोजचंच. त्यातलं एखादं पुढे चढतं आणि अधिकृत होतं.

तिसरा गट बाहेरून आलेला, आणि त्याची तारीख साधारण ठाऊक असलेला. ‘कंबर’ हा फारसी ‘कमर’. ‘चेहरा’ फारसी. सुलतानशाहीच्या काळात दरबार, लष्कर आणि पोशाख यांच्याबरोबर हे शब्द आले. कंबरपट्टा, कंबर कसणं यांत कमरेचा वापर कसा झाला ते स्पष्ट दिसतं. आधी कमरेला काही बांधलं गेलं, मग त्या जागेचं नाव पडलं.

चौथा गट सगळ्यांत अवघड. डोळा घ्या. संस्कृत ‘अक्षि’ हिंदीत ‘आँख’ होऊन नांदतो. मराठीत त्याची गादी ‘डोळ्या’नं घेतली. याचा पूर्वज ‘डोल’ प्राकृतात भेटतो, पण संस्कृतात त्याला आईबाप सापडत नाहीत. ‘जानु’ गेला, गुडघा आला. ‘शिर’ पोथीत गेलं, डोकं आलं. ‘मेंदू’ला कन्नडमधला ‘मेदुळु’ आणि तेलुगूमधला ‘मेदडु’ हे नुसते ऐकले तरी ओळखू येणारे सोबती आहेत. आणि याच गटात बसलं आहे पोट.

हालाच्या काळापासून भरत आलेलं

पोट मराठीत कालपरवा आलेलं नाही. ज्ञानेश्वरीत ते आहे, आणि त्याच्याही कितीतरी आधी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातली सातशे गाथांची निवड. ती आज आहे त्या रूपात सिद्ध व्हायला काही शतकं लागली, पण तिची सुरुवात इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. तिच्यात ‘पोट्ट’ हा शब्द येतो. नुसता येत नाही, ‘भरणे’ या क्रियापदाला जोडून येतो : पाखरंसुद्धा आपापलं पोट भरतात, संकटात सापडलेल्याला हात देणारा सज्जन विरळा, अशा आशयाच्या गाथेत. पोट आणि भरणं यांची जोडी दीड हजार वर्षांहून अधिक काळ अभंग आहे. ‘पोट भरायला पुण्याला गेला’ हे वाक्य भोरकडच्या घराघरात ऐकू येतं. त्यातलं नाम आणि क्रियापद दोन्ही हालाच्या संग्रहातल्या माणसाला कळली असती.

पोट्ट हा शब्द संस्कृतातून काढता येत नाही, हे जुन्या पंडितांनाही ठाऊक होतं. बाराव्या शतकात गुजरातेत पाटणला जैन आचार्य हेमचंद्र होऊन गेले. सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाल यांच्या दरबारात त्यांना मान होता. त्यांनी प्राकृताचं व्याकरण रचलं, आणि त्या व्याकरणाच्या नियमांनी संस्कृतापासून सिद्ध न होणारे शब्द वेगळे काढून त्यांचा कोश केला : ‘देशीनाममाला’. जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १८८० साली मुंबईत निघाली. आठ वर्गांच्या या कोशात पोट्ट आहे. ‘देशी’ हे हेमचंद्रांचं लेबल अपमानाचं नव्हतं. हा शब्द लोकांत चालतो आणि माझ्या नियमात बसत नाही, एवढंच ते सांगतं. पंडितानं आपल्या नियमांची हद्द स्वतः आखून दाखवावी, याचा हा सुंदर दाखला आहे.

नीरेपलीकडचे सोयरे

आता नकाशा उघडू. उत्तरेकडे हिंदी, गुजराती, बंगाली, ओडिया या सगळ्यांत ‘पेट’ किंवा त्याचंच रूप. प्राकृतात पोट्टाच्या जोडीला ‘पेट्ट’ही होता, त्याची ही वंशावळ. कोकणीत मराठीसारखंच पोट. दक्षिणेकडे उतरलं की तेलुगूत ‘पोट्ट’ आणि कन्नडमध्ये ‘होट्टे’. त्याही खाली तमिळमध्ये ‘वयिरु’, मल्याळममध्ये ‘वयर’. म्हणजे ओकारवालं पोट कोकणापासून आंध्रापर्यंतच्या आडव्या पट्ट्यात आहे. त्याच्या वर पेट, खाली वयिरु. दख्खनच्या कमरेला बांधलेला हा पट्टा कुठल्याही एका भाषाकुळाच्या हद्दीत मावत नाही.

कन्नडमधला ‘ह’ पाहून बिचकायचं कारण नाही. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ नवव्या-दहाव्या शतकापासून हळूहळू ‘ह’ झाला. दूध ‘पाल’ होतं, ते ‘हालु’ झालं. वाघ ‘पुलि’ होता, तो ‘हुलि’ झाला. तसंच ‘पोट्टे’चं ‘होट्टे’. आणि तसंच ‘पळ्ळी’ म्हणजे वस्ती, गाव, याचं ‘हळ्ळी’. कर्नाटकातल्या गावांच्या नावाला जो ‘हळ्ळी’ लागतो तो हाच. तेलुगूत तो ‘पल्ले’.

इथे भोंगवली पुन्हा समोर येते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी महाराष्ट्रातल्या गावांच्या नावांचा अभ्यास केला. त्यांच्या २००५ सालच्या ग्रंथात त्यावर प्रकरण आहे. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली अशा नावांतलं ‘वली’ हे शेपूट ते या द्राविड पळ्ळीशी जोडतात. ध्वनीचा हिशेब जुळतो. दोन स्वरांमधला ‘प’ प्राकृतात ‘व’ होतो, दीपाचा दिवा झाला तसा. आणि जोड ‘ल्ल’ मराठीत ‘ल’ म्हणून उरतो. पल्लीची वली व्हायला आणखी काही लागत नाही. काहींना त्यात संस्कृत ‘आवली’, म्हणजे ओळ, दिसते. पण अशी नावं कोकणात आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना ज्या दाटीनं आढळतात, ती पाहता साउथवर्थ यांचं म्हणणं वजनदार वाटतं. तसं असेल, तर भोंगवलीच्या नावातला शेवटचा तुकडा आणि भोंगवलीकराचं पोट या दोघांचे सोयरे एकाच दिशेला राहतात.

यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारात ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला जुना ग्रंथ तयार झाला. त्यात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. भोरकडच्या नीरा नदीचं खोरं या दोन नद्यांच्या मधलं. तेव्हा इथे मराठी नव्हती असा याचा अर्थ नाही. दोन्ही बोलल्या जात होत्या, बऱ्याच घरांत बहुधा एकाच चुलीजवळ. पुढे देवगिरीच्या यादवांनीही मराठीबरोबर कन्नडमध्ये शिलालेख कोरवले. राजसत्तेच्या दगडावर दोन भाषा असतील, तर अंगणात त्या किती मिसळल्या असतील?

शेतात पाहा. भोर-वेल्ह्याच्या मावळी पट्ट्यात भात हे जिवाभावाचं पीक. लोंबी बाहेर पडण्याआधी ताटाचा वरचा भाग फुगतो, तेव्हा भात पोटरीत आला म्हणतात. तेलुगू शेतकरी भाताच्या त्याच सुमाराच्या अवस्थेला ‘चिरुपोट्ट’ म्हणतो, म्हणजे लहान पोट. गर्भार रोपाला पोटाची उपमा दोघांनी दिली आणि शब्दही एकच वापरला. माजघरात पाहा. लेकीसुनेची ओटी भरणं हा आपला विधी कन्नड घरात ‘उडी तुंबुवुदु’ या नावानं तसाच होतो, तेच खण-नारळ, तेच तांदूळ. पोट, गर्भ, ओटी, भात हा सगळा शब्दसंसार बायकांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडचा. दरबारी फारसीनं कंबर दिली, पण पोट देणारं कोणी दरबारी नव्हतं. ते बांधावरून आणि चुलीवरून आलं.

मग कोणी कोणाला दिलं? १९७७ साली विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ लिहून मराठीच्या द्राविड पायावर भर दिला, तेव्हा बऱ्याच मराठी वाचकांना हा विचार नवा होता. त्यांची सगळी समीकरणं अभ्यासकांनी मान्य केली नाहीत, पण प्रश्न त्यांनी रेटून मांडला. पोटाच्या बाबतीत दोन्ही बाजूंना पुरावा आहे. वेदांमध्ये हा शब्द नाही, कन्नड-तेलुगूत तो घरचा आहे. हे द्राविड बाजूचं. पण तमिळ-मल्याळममध्ये त्याची जागा वयिरुनं धरली आहे, आणि प्राकृतात तो फार जुना आहे. हे दुसऱ्या बाजूचं. राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात पोट्टाची नोंद आहे, बरो आणि एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशातही आहे. दोन कुळांच्या दोन दप्तरांत एकाच इसमाचं नाव सापडतं.

माझ्या मते हाच त्याचा खरा पत्ता आहे. पोट हा दख्खनच्या शेजाराचा शब्द. मूळ मालक शोधण्याच्या हट्टापायी आपण हे विसरतो, की शब्दाचा अर्थ, त्याचं क्रियापद, त्याची शेतातली आणि बाळंतिणीच्या खोलीतली वापराची रीत हे सगळं मराठी, कन्नड आणि तेलुगू माणसांनी मिळून घडवलं आहे.

उठवलेले शब्द कुठे बसले

फिनिश दातानं शिकवलेली दुसरी गोष्ट आता पडताळू. पोट आलं तेव्हा कोण उठलं?

‘उदर’ पोथीत जाऊन बसलं. उदरनिर्वाह, उदरभरण अशा भारदस्त शब्दांत ते भेटतं. ‘जठर’ शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात गेलं. पण ‘कुक्षि’ची कथा वेगळी. तो शब्द लोकांच्या तोंडी राहिला आणि झिजून ‘कूस’ झाला. आईची कूस, कुशीत घेणं, कूस बदलणं, कूस उजवणं. पोटाचा एकेकाळचा शब्द आता गर्भाशय आणि शरीराची बाजू एवढ्यापुरता राहिला आहे. भाकरी पोटात जाते, कुशीत जात नाही.

आता कन्नडकडे पाहा. तमिळ वयिरुचा सख्खा भाऊ कन्नडमध्येही आहे : ‘बसिरु’. जुन्या कन्नडमध्ये त्याचा अर्थ पोट. होट्टेचा वापर वाढत गेला आणि बसिरु आकसत गर्भारपणापुरता उरला. ‘बसुरी’ म्हणजे गर्भार बाई. दोन वेगळ्या कुळांच्या शेजारणी. दोघींनी रोजच्या पोटासाठी एकच नवा शब्द धरला, आणि दोघींनी आपापला जुना शब्द गर्भासाठी राखून ठेवला. भाकरीच्या पोटाला नवं नाव चाललं. मूल वाढतं त्या जागेचं नाव जुनंच राहिलं. त्या शेजाराची याहून बोलकी साक्ष मला दुसरी दिसत नाही.

बाकीच्या अवयवांचे जुने शब्दही असेच विखुरलेले आहेत. ‘शीर्ष’ डोक्यावरून उतरलं, पण डोक्याखाली राहिलं : संस्कृत ‘उच्छीर्षक’ म्हणजे उशी. डोक्याकडची आणि पायाकडची बाजू सांगणारे उसं आणि पायथा हे शब्द खाटेलाही चालतात, आणि पायथा तर डोंगरालाही. ‘बाहू’ कवितेत गेला आणि सदऱ्याची ‘बाही’ होऊन शिंप्याकडे उरला. अंगुलीची जागा बोटानं घेतली. ती मोजमापाच्या अंगुळात टिकून आहे. ‘कालेय’ म्हणजे संस्कृतात यकृत. मराठीत त्याचं ‘काळीज’ झालं आणि ते छातीत सरकून धडधडू लागलं. मटणाच्या दुकानातली ‘कलेजी’ मात्र अजून जुन्याच जागी आहे.

काही शब्द अवयव सोडून थेट व्याकरणात शिरले. ‘पार्श्व’ म्हणजे बरगड्यांची बाजू. त्याचा ‘पास’ झाला, आणि आज ‘आईपाशी’, ‘भोरपासून’ म्हणताना आपण त्या बरगडीला धरूनच बोलत असतो. ‘कड’ म्हणजे बाजू, आणि मूल कडेवर घेतात तीही कडच. तिच्यावरून ‘कडे’ आणि ‘कडून’. ‘पैशापायी भांडले’ यातला पाय चालत नाही, कारण सांगतो. ‘त्यांच्या पोटी मुलगी झाली’ यातलं पोट जेवत नाही, नातं सांगतं. शब्द पूर्ण मुरला हे ओळखायची ही कसोटी : तो अवयव राहत नाही, प्रत्ययाचं काम करू लागतो. कंबर पाचसातशे वर्षांत म्हणींपर्यंत आणि वाक्प्रचारांपर्यंत पोचली, पण ‘पोटी’सारखं ‘कंबरी’ असं काही तिनं बनवलं नाही. पोटानं बनवलं. दोघांच्या वयातला फरक एवढ्यावरूनही कळतो.

टमी आणि किडनी

अवयवांची नावं आजही बदलत आहेत, आणि बदल त्याच जुन्या दारांनी येतो आहे. एक दार दवाखान्याचं. तालुक्याच्या डॉक्टरकडे गेलेली म्हातारी ‘किडनीत खडा’ म्हणते, ‘लिव्हरला सूज’ म्हणते. मूत्रपिंड आणि यकृत हे शब्द तिनं कधी वापरलेच नाहीत, तेव्हा तिनं काही टाकून दिलं असं म्हणता येत नाही. त्या अवयवांशी तिची ओळखच रिपोर्टातून झाली. ज्या भाषेत ओळख झाली त्या भाषेतलं नाव पडलं. कमरपट्ट्याबरोबर कंबर आली, सोनोग्राफीबरोबर किडनी आली.

दुसरं दार पाळण्याचं. लहान मुलाला ‘टमी कुठंय? नोज कुठंय?’ विचारणारी घरं आता पुण्यापुरती उरलेली नाहीत. हायवेच्या कडेच्या गावांतही इंग्रजी शाळेच्या गाड्या फिरतात. इंग्रजीतही ‘टमी’ हा बाळबोलीतलाच शब्द, ‘स्टमक’चं लाडकं रूप. पोट्ट आला तेव्हाही तो काही पंडितांच्या घरून आला नसेल. आई, दाई, शेजारीण यांच्याच तोंडून लेकराच्या कानी पडला असेल. म्हणून टमीला हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

तरी घाबरून जाण्याचंही कारण दिसत नाही. शब्द शिरणं सोपं असतं, मुरणं कठीण. ज्या मुलाची टमी दुखते तेच मूल दहा वर्षांचं झाल्यावर ‘पोट दुखतंय’ म्हणतं, विसाव्या वर्षी पोटापाण्याचा विचार करतं आणि तिसाव्या वर्षी तलाठ्याकडे जाऊन पोटहिश्श्याची मोजणी मागतं. या प्रत्येक ठिकाणी टमीला आत यायचं तर क्रियापदं, म्हणी, दप्तरं, प्रत्यय सगळं नव्यानं उभारावं लागेल. पोटाला त्यासाठी दोन हजार वर्षं मिळाली, आणि दोन भाषाकुळांची माणसं मदतीला होती.

किडनीची गोष्ट निराळी, कारण तिथे लोकांच्या तोंडी उठवायला फारसं कोणी बसलेलंच नव्हतं. ती जागा तिनं घेतली आहे आणि ती तिथून हलणार नाही. मूत्रपिंड पाठ्यपुस्तकात राहील, जठराच्या शेजारी. उद्याच्या मराठी व्युत्पत्तिकोशात किडनीची नोंद करावी लागेल तेव्हा संपादकाला तिचा मूळ देश शोधायला वेळ लागणार नाही. त्यानं शोधायचं ते एवढंच, की मराठी माणसानं तिच्याशी कुठली क्रियापदं जोडली आणि तिच्यापासून कुठले नवे शब्द घडवले. ती यादी लांबली, तर तीही पोटासारखी मराठीच म्हणायची.